खारा वारा आणि पोकळ हमी

पावसाळा ओसरला की गोव्यातील गॅरेजांत पत्र्याच्या कामाची रीघ लागते. दाराच्या खालच्या कडेला रंगावर आलेला फोड, तो नखाने टोकरताच हाती येणारा तांबूस भुगा आणि त्यामागे दिसणारी चाळण, हे दृश्य किनारपट्टीवरच्या वाहनमालकाला नवे नाही. वाहन दहा-बारा वर्षांचे असेल तर तो निमूटपणे खिशात हात घालतो. पण तीन-चार वर्षांच्या वाहनाची ही गत झाली म्हणजे तो साहजिकच हमीपत्र घेऊन विक्रेत्याचे दार ठोठावतो. तेथे त्याला बहुधा एक ठरीव उत्तर मिळते : "समुद्राजवळची हवा आहे साहेब, त्याला कंपनी काय करणार? हे हमीत बसत नाही." हे उत्तर इतक्या सवयीने दिले जाते आणि इतक्या सवयीने स्वीकारले जाते की त्यामागे काही तर्क आहे किंवा नाही, हे तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ती आज घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्न मूठभर हौशी मोटारवाल्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी आहे आणि हे प्रमाण देशातील राज्यांत सर्वाधिक आहे. घराच्या खालोखाल मोटार हीच मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी, आणि तीही बहुतेक वेळा कर्ज काढून केलेली. कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच पत्रा गळू लागला तर ज्या वस्तूचे पैसे अजून द्यावयाचे आहेत, ती डोळ्यांदेखत मातीमोल होताना त्या कुटुंबाला पाहावी लागते. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, असे मोटार वाहन कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ज्या वस्तूचे आयुष्य निदान १५ वर्षांचे धरले आहे, तिचे अंग पाचव्या वर्षी झिजून जावे आणि त्याची जबाबदारी कोणीही घेऊ नये, अशी ही विपरीत स्थिती आहे.

गंज चढतो कसा, हे एकदा समजून घेतले तर पुढचा वाद अर्धा सुटतो. लोखंडाला प्राणवायू आणि पाणी एकत्र मिळाले की त्याच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म विद्युत्-रासायनिक व्यवहार सुरू होतो. एका जागेचे लोह विरघळत जाते आणि त्याचे गंजात रूपांतर होते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ या व्यवहाराला गती देते. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच ओले होते. समुद्राच्या मिठात असलेले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे पाऊस थांबला, ऊन पडले, गाडी वरून कोरडी दिसली, तरी पत्र्याच्या सांध्यात बसलेला मिठाचा थर ओलाच राहतो. त्यात आपल्या तांबड्या मातीचा चिखल भरला, दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजली, की आतल्या आत एक लहानसे डबके तयार होते. गाडी बाहेरून कितीही धुतली तरी तेथे हात पोचत नाही.

याची मोजमापेही उपलब्ध आहेत. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेच्या गंजकारक शक्तीच्या श्रेणी ठरविल्या आहेत. त्यांतील अतितीव्र अशा 'सी-५' श्रेणीत उघडे पोलाद पहिल्या वर्षातच ८० ते २०० मायक्रॉन झिजते. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, म्हणजे ७०० मायक्रॉनचा असतो. रंगाचा आणि जस्ताचा थर जेथे नीट पोचलेला नाही, तेथे हा पत्रा किती वर्षे तग धरील, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. यावरून वाहनाचे आयुष्य मुळात कारखान्यातच ठरते, हे स्पष्ट व्हावे. पत्र्याला जस्ताचा लेप दिला आहे काय, सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने चढविला जाणारा प्राथमिक लेप पोकळ भागांच्या आतपर्यंत पोचला आहे काय, दुमडलेल्या कडा बंद करून त्यांत मेण भरले आहे काय, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. त्यांतील एकही गोष्ट ग्राहकाच्या हातात नाही. खरेदीच्या वेळी त्याला त्या दाखविल्याही जात नाहीत.

आता हमीपत्राकडे वळू. गंजाची हमी जेथे दिली जाते, तेथे ती बहुधा पत्र्याला 'आतून बाहेर' आरपार भोक पडण्यापुरती मर्यादित असते. वरवरचा गंज, रंगाचे फोड, तळाची चौकट, धुराड्याची नळी, हे सारे बाहेर ठेवलेले असते. अनेक हमीपत्रांत 'खारी हवा', 'पर्यावरणीय कारणे', 'नैसर्गिक घटक' अशा शब्दांचे एक कलम घातलेले असते. या दोन अटी एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतील मेख ध्यानात येते. आतून सुरू झालेला गंज बाहेर दिसू लागेपर्यंत वर्षे जातात. फोड दिसतो तेव्हा 'अजून भोक पडलेले नाही' म्हणून दावा नाकारला जातो, आणि भोक पडते तेव्हा 'मुदत संपली' म्हणून. मुदत शिल्लक असताना चुकून भोक पडलेच, तर खाऱ्या हवेचे कलम हात जोडून उभे असते. पाऊस आला की मिटणारी छत्री विकावी, तसा हा प्रकार आहे.

खारी हवा हे 'बाह्य कारण' आहे, या म्हणण्यातच मूळ लबाडी आहे. बाह्य कारण म्हणजे अपघात, महापूर, आग, कोणी मुद्दाम केलेली नासधूस. पणजीत, वास्कोत किंवा काणकोणात राहणाऱ्या माणसासाठी समुद्राचा वारा हा वाहनवापराचा रोजचा परिसर आहे. चोडण-दिवाडीचा रहिवासी गाडी फेरीबोटीतून नेतो, हा त्याचा छंद नाही. तोच त्याचा रस्ता आहे. कंपनीने येथे दालन थाटले, येथल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, समुद्रकिनाऱ्यावर फेसाळत्या लाटांतून धावणाऱ्या गाडीची चित्रे छापली आणि येथल्या बाजारातून नफा मिळविला. मग येथली हवा कशी आहे हे तिला ठाऊक नव्हते, असे म्हणण्यास जागा कोठे उरते? कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांत धातूचे नमुने उघड्यावर ठेवून भारताचा गंज-नकाशा कधीच तयार केलेला आहे. गोमंतकीयांना तर त्या नकाशाचीही गरज नाही. १९७० साली वाहतुकीस खुला झालेला मांडवीवरचा पूल जुलै १९८६मध्ये कोसळला, तेव्हा त्याच्या पोटातील पोलादी तारांना चढलेला गंज हे कारण पुढे आले होते. खारी हवा काय करू शकते हे या भूमीने इतक्या जबर किमतीने शिकून घेतले आहे. त्या गोष्टीला चार दशके उलटल्यावरही वाहन विकणारा जर 'हवाच खारी' म्हणून आश्चर्य व्यक्त करू लागला, तर ते आश्चर्य खोटे समजावे लागेल.

बाहेरच्या देशांतही वाहन-उद्योगाने हे धडे स्वखुशीने गिरविलेले नाहीत. बर्फाळ देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि तेथेही गाड्या अशाच सडत असत. १९८० साली ब्रिटनमध्ये लान्सिया कंपनीच्या 'बीटा' गाड्यांचा, इंजिनाला आधार देणारा भाग गंजून कमकुवत होत असल्याचे उघड झाले, तेव्हा कंपनीला त्या गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. गेलेली पत मात्र परत आली नाही. १९९४मध्ये कंपनीने ब्रिटिश बाजारपेठच सोडली. अमेरिकेत टोयोटाच्या 'टॅकोमा' या लहान मालमोटारीची चौकट गंजत असल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००८ साली कंपनीने जुन्या गाड्यांच्या चौकटीची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली. पुढे २०१६ साली टॅकोमासह तीन प्रकारच्या सुमारे १५ लाख गाड्यांबाबत झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीचे मूल्य ३४० कोटी डॉलरपर्यंत आकारले गेले. ती चौकट पुरविणारा कारखाना दुसराच होता. पण 'त्याच्याकडे जा' असे ग्राहकाला सांगितले गेले नाही. ज्याचे नाव गाडीवर, त्याने निस्तरले. दुसरीकडे, जस्तलेपित सांगाड्याच्या गाड्या पोर्शे आणि आउडी यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत आणि ऐंशीत बाजारात आणल्या होत्या. म्हणजे उपाय पन्नास वर्षांपासून माहीत आहे. प्रश्न फक्त तो कोणासाठी योजायचा आणि कोणासाठी वाचवायचा, एवढाच आहे.

या प्रश्नाला अलीकडे एक नवा पदर जोडला गेला आहे, तो फिरत्या घरांचा, म्हणजे कॅराव्हॅनचा. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी 'केरावान केरळ'चा घोष केला. कोकण, गोवा, मलबार या किनाऱ्याने अशी वाहने फिरावीत, लाटांच्या आवाजात पर्यटकांनी मुक्काम करावा, ही कल्पना रम्य आहे. पण हेच वाहन गंजाला सर्वांत लवकर बळी पडते. त्याची चासी एका कारखान्यातून येते आणि त्यावरचे घर दुसरा कारखानदार बांधतो. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी स्क्रूंनी ठोकला आणि त्यावर खारा ओलावा बसला, की दोन भिन्न धातूंमध्ये विजेचा घट तयार होऊन ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. खिडक्यांच्या, छताच्या आणि कोपऱ्यांच्या सांध्यांतील चिकटद्रव्य उन्हाने कडक होऊन तडकते, आत पाणी झिरपते, आणि भिंतीच्या पोटातील लाकूड कुजेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय अशी वाहने हंगाम संपला की चार-चार महिने उघड्यावर उभी राहतात.

दावा करण्याची वेळ आली म्हणजे येथे ग्राहकाची दुहेरी कुचंबणा होते. चासीचा कारखानदार म्हणतो, वरच्या बांधणीसाठी भोके पाडली तेव्हा आमचा लेप फुटला. बांधणी करणारा म्हणतो, चासीच मुळात गंजलेली आली. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात आणि मधल्या मध्ये पाण्याची धार गादीवर पडत राहते. कर्ज काढून असे एखादे वाहन घेणाऱ्या आणि त्यावर संसार चालवू पाहणाऱ्या तरुणाने जावे कोठे? शासनाला हे पर्यटन वाढवायचेच असेल, तर परवाना आणि अनुदान यांच्या जोडीने एक अट अवश्य घालावी : संपूर्ण वाहनाच्या हमीची जबाबदारी विक्रीच्या पावतीवर ज्याचे नाव आहे त्या एकाचीच राहील. आपसांतला हिशेब त्यांनी मागाहून खुशाल मिटवावा.

कंपन्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दगड लागून उडालेला रंग वर्षभर तसाच ठेवणारे, अपघातानंतर स्वस्तात लांबी भरून घेणारे, पावसाळाभर गाडीच्या तळाला गोड्या पाण्याचा स्पर्शही होऊ न देणारे मालक आपल्यात थोडे नाहीत. अशा हलगर्जीपणाचा भार कारखानदाराने का वाहावा, हा प्रश्न न्याय्य आहे. पण त्याचे उत्तर प्रत्येक गाडीची तपासणी करून द्यावयाचे असते. गंज बाहेरच्या ओरखड्यातून आत गेला आहे, की आतल्या सांध्यातून बाहेर आला आहे, हे जाणकार माणसाला पत्रा उघडून पाहिल्यावर बहुधा सांगता येते. तपासणी न करता सरसकट हवेवर खापर फोडणे, हा निष्काळजी मालकाबरोबर काळजी घेणाऱ्या मालकालाही शिक्षा करण्याचा प्रकार झाला.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या करताना स्पष्ट कराराबरोबर गर्भित कराराचाही उल्लेख केला आहे. म्हणजे गोव्यात विकलेले वाहन गोव्याच्या हवेत टिकेल, ही अपेक्षा कागदावर लिहिलेली नसली तरी सौद्यात अंतर्भूत आहे, असा युक्तिवाद करण्यास जागा आहे. पुरेशा चाचणीच्या आधाराविना वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे कलम २(४७) सांगते, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर टाकते. ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही, आणि ५ ते १० लाखांच्या दरम्यान असेल तर ते केवळ २०० रुपये आहे. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वाहनाचा मालकही कायद्याने 'ग्राहक' ठरतो, हे कॅराव्हॅन घेणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

अडचण आहे ती वेळेची आणि पुराव्याची. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. पहिला फोड दिसताच विक्रेत्याला लेखी कळविणे, कामाच्या पत्रकावर 'गंज' हा शब्द लिहून घेऊन पोच मागणे, तारखेसह छायाचित्रे काढणे आणि दर सेवेच्या पावत्या जपून ठेवणे, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळलेच पाहिजे. तोंडी आश्वासनावर विसंबून मुदत उलटू देणारा आपला दावा स्वतःच्या हाताने बुडवितो. सर्वांत मोठी चूक होते ती तपासणीपूर्वी दुरुस्ती करून घेण्याची. मेस्त्रीने गंज घासून, लांबी भरून, वर रंग मारला की गाडी देखणी होते. पुरावा मात्र नाहीसा होतो. पत्रा कापून काढावाच लागला, तर तो तुकडा भंगारात न टाकता जपून ठेवावा. विक्रेत्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून मग आयोगाची पायरी चढावी.

दावा मंजूर झाला तरी प्रश्न संपत नाही. हमी सदोष भाग बदलून देण्यापुरती असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात दिला होता. वाद क्लचसारख्या भागाचा असेल तेव्हा हे तत्त्व समजण्यासारखे आहे. परंतु आजच्या मोटारीला वेगळी चौकट नसते; जोडून एकसंध केलेला सांगाडा हीच तिची चौकट. तो सांगाडा आतून सडत असताना एक दार बदलून देणे म्हणजे वाळवी लागलेल्या घराची एक फळी बदलण्यासारखे आहे. गंजाच्या प्रकरणात 'भाग' म्हणजे काय, याचा विचार आयोगांनी वेगळ्या दृष्टीने करावयास हवा.

राज्य सरकारलाही येथे काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ज्या दोषाचा निर्णय परीक्षणाशिवाय होऊ शकत नाही, तो योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, असे कलम ३८ सांगते. आणि अशा प्रयोगशाळेस मान्यता देण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, फर्मागुडीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गंजलेल्या पत्र्याची परीक्षा करणारी, माफक शुल्क आकारणारी आणि ठरीव मुदतीत अहवाल देणारी सोय या संस्थांच्या साहाय्याने उभी करता येणार नाही काय? सामान्य ग्राहक हरतो तो बहुधा तज्ज्ञाच्या अहवालाअभावी, आणि तो अहवाल मिळविण्याचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो म्हणून. दुसरे असे की, एकाच प्रकारच्या वाहनाबद्दल अनेकांच्या तक्रारी येतील, तेव्हा कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठवावा. गंजाने गाडीच्या आधारभूत भागांना धोका पोचत असेल, तर तो केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली वाहने परत बोलाविण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तिसरे, हमीच्या अटींचे एका पानाचे सोप्या मराठीतील आणि कोकणीतील टिपण विक्रीच्या वेळीच ग्राहकाच्या हाती पडले पाहिजे. गंजाची हमी किती वर्षांची, कोणत्या भागांची, आणि खाऱ्या हवेचे कलम त्यात आहे की नाही, एवढे त्यात ठळक अक्षरांत असावे. ते वाचून गाडी घेण्याचे की टाळण्याचे, हे ग्राहक ठरवील.

खाऱ्या हवेचे कलम मात्र एका बाबतीत उपयोगी आहे. ते ज्या हमीपत्रात असेल, त्या कंपनीला आपल्या पत्र्याचा भरवसा वाटत नाही, हे तिने स्वतःच लिहून दिलेले असते. अशा कंपनीने एक तर किनाऱ्यावर टिकेल असे वाहन बनवावे, नाही तर किनाऱ्यावर विकताना 'हे वाहन येथल्या हवेसाठी नाही' अशी पाटी दालनाच्या दारावर लावावी. पैसे किनाऱ्याचे घ्यायचे आणि हमी डोंगरापलीकडची द्यायची, हा व्यवहार गोव्याच्या ग्राहकाने यापुढे मुकाट्याने चालू देऊ नये.